झुरळ मेलं, धूळ उरली

झुरळ दिसलं की चप्पल उचलायची, हे बहुतेकांचं ठरलेलं. कारण विचारलं तर किळस, नाहीतर ‘अन्नावर बसून रोग पसरवतं’. ते खोटं नाही. गटारातून, कचऱ्याच्या बादलीतून ते थेट ओट्यावर येतं. साल्मोनेला, ई. कोलाय असे जिवाणू त्याच्या पायांवर असतात, आतड्यातही असतात. शिवाय खाता खाता ते ओकतं आणि विष्ठाही टाकतं. उघडं राहिलेलं अन्न फेकलेलंच बरं. तरी मलेरियाचा दोष जसा डासाच्या माथी ठामपणे मारता येतो, तसं ‘हे जुलाब झुरळामुळेच’ असं सिद्ध करणं अवघड. तेच जिवाणू हातांवरून आणि पाण्यातूनही पोटात जातात.

दम्याचं तसं नाही. तिथे पुरावा भक्कम आहे, आणि चर्चा मात्र कमी. अमेरिकेतल्या आठ शहरांच्या गरीब वस्त्यांमधल्या ४७६ दमेकरी मुलांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ३७ टक्के मुलांना झुरळांची अ‍ॅलर्जी निघाली. अ‍ॅलर्जी आहे आणि झोपायच्या खोलीतल्या धुळीत झुरळांची प्रथिनंही भरपूर आहेत, अशा मुलांना दम्यासाठी रुग्णालयात दाखल करण्याचं प्रमाण इतरांच्या तिपटीहून जास्त होतं. स्वयंपाकघरातली नव्हे, झोपायच्या खोलीतली धूळ!

अ‍ॅलर्जी आणणारी ही प्रथिनं झुरळाच्या लाळेत, विष्ठेत आणि टाकलेल्या कातीत असतात. कपाटाच्या बिजागरीपाशी टॉर्च मारा. मिऱ्याच्या भरडीसारखे काळे कण दिसले तर ती विष्ठा. त्यांची धूळ जड असते, लवकर खाली बसते. कोरडा झाडू फिरवला किंवा गादी झटकली की पुन्हा उडते आणि श्वासात जाते. म्हणून तिथे ओलं फडकंच हवं.

फवाऱ्याने चार झुरळं उताणी पडतात, समाधान मिळतं, पण फटीतली वाचतात आणि दमेकऱ्याला त्या वासाचाच त्रास होतो. स्वयंपाकघरात हमखास आढळणाऱ्या लहान, तपकिरी जातीची मादी ३० ते ४० अंड्यांची कुपी पिलं बाहेर येईपर्यंत अंगाला चिकटवून फिरते. तिच्यासाठी फटींजवळ झुरळं मारायच्या विषारी जेलचे बारीक ठिपके लावणं अधिक कामाचं. ते खाल्लेलं झुरळ बिळात जाऊन मरतं. त्याची विष्ठा आणि कलेवर खाऊन पिलंही मरतात.

सगळी मेल्यावरही प्रथिनं धुळीत कित्येक महिने टिकतात. तेव्हा फ्रिजखालची, कपाटामागची जागा पुसून काढा, चादरी-अभ्रे गरम पाण्यात धुवा. मुलाचा रात्रीचा खोकला हटत नसेल, तर घरात झुरळं होती हे डॉक्टरांना न लाजता सांगा. ही अ‍ॅलर्जी त्वचेच्या साध्या चाचणीत कळते.