मुलांच्या हाताचा इसब: कारण कुठे शोधायचं?

मुलाच्या हाताला लाली, खाज, भेगा दिसल्या की आमच्याकडे साबण घ्यायला आलेले पालक पहिलं विचारतात, "कशाची अ‍ॅलर्जी असेल?" बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी नसतेच. साबण-पाण्याने त्वचेतली स्निग्धता धुऊन गेलेली असते. साध्या साबणाचा सामू (pH, आम्ल-अल्कलीपणाचं माप) ९-१०, त्वचेचा ५ च्या आसपास. बोटांच्या बेचक्यांत फेस राहतो आणि कातडी तिथेच आधी फुटते. अंगावर पूर्वी इसब होऊन गेलेल्या मुलांना हे लवकर होतं. साबण आमचा असला तरी, बरं का.

अ‍ॅलर्जीचं गणित वेगळं. पुरळ सहसा स्पर्शानंतर एक ते तीन दिवसांनी उठतं, म्हणून आज काय हाताळलं हे विचारू नका, परवाचं आठवा. वर्षभर वापरातली वस्तूही अचानक बाधू शकते.

सध्या पहिला संशय स्लाइम या लिबलिबीत खेळण्यावर घ्यावा. घरी ते गोंदात टाकणखार (बोरॅक्स) किंवा कपड्यांचं लिक्विड घालून करतात. टाकणखाराने हात चुरचुरतात. गोंदात आणि लिक्विडमध्ये मात्र अनेकदा मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे टिकाऊपणाचं रसायन असतं आणि त्याची अ‍ॅलर्जी होते. युरोपात अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत ते २०१७ पासून बंद आहे. ओल्या वाइप्सच्या पाकिटावरही हे नाव शोधा.

दुसरी काळी मेंदी. खरी मेंदी आधी केशरी दिसते, एक-दोन दिवसांत तपकिरी होते. तासाभरात काळीकुट्ट रंगली तर कोनात केसांच्या डायमधलं पीपीडी हे रसायन असण्याची दाट शक्यता. मग नक्षीच्या रेषांवरच फोड येतात. ही अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर राहते. मोठेपणी केसांना डाय लावला की चेहरा सुजतो. लग्नघरात लहान मुलींचे हात पुढे करण्याआधी कोन कुणी भरला ते विचारा.

नकली अंगठी-बांगडीखाली कड्यासारखी लाली आली तर संशय त्यातल्या निकेल या धातूवर.

संशयित वस्तू तीन आठवडे पूर्ण बंद ठेवा. हात कोमट पाण्याने धुवा, घासू नका, टिपा आणि ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली लावा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मुलाच्या दोन्ही हातांना पुरते. रात्री वरून सुती हातमोजे.

रात्री खाज वाढते आणि घरात आणखी कुणी खाजवतंय? मग ती खरूज असू शकते, उपचार सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचा. एकाच हातावर गोल, कडेला खवले असलेला चट्टा नायट्याचा असू शकतो. त्यावर दुकानातून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब चोळली की लाली उतरते, बुरशी मात्र पसरते.

पू, पिवळी खपली किंवा ताप असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना पॅच टेस्टबद्दल विचारा. त्यात संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या पाठीवर ४८ तास राहतात. त्या काढल्यावर एकदा आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा पाठ तपासतात. तोवर पाठ भिजवायची नाही. रक्ताच्या महागड्या 'अ‍ॅलर्जी पॅनेल'मध्ये स्पर्शाची अ‍ॅलर्जी सापडत नाही, त्यावर पैसे घालवू नका.