परत जाणारा कुर्ता आणि दहा मापांचं गणित

युरोपीय संघाने १९ जुलै २०२६ ही तारीख नक्की केली आहे. त्या दिवसापासून मोठ्या कंपन्यांना न खपलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला बंदी. ग्राहकांनी परत पाठवलेला मालही त्यात आला. हे वाचून अनेकांना प्रश्न पडतो, परत केलेले कपडे नष्ट करतात? घडी घालून दुसऱ्या कुणाला विकत नाहीत?

बहुतेकदा विकतात. जर्मनीत बाम्बेर्ग विद्यापीठाच्या अभ्यासगटाने २०१८ सालचा अंदाज मांडला होता: ऑनलाइन घेतलेल्या ४८ कोटींहून अधिक वस्तू परत आल्या आणि त्यांतल्या सुमारे ४ टक्के फेकल्या गेल्या. टक्का किरकोळ वाटतो, पण वस्तू होतात जवळजवळ दोन कोटी. पाकीट उघडा, डाग आणि घामाचा वास तपासा, इस्त्री करा, नवा टॅग लावा. स्वस्तातल्या टॉपवर एवढी मजुरी कोण घालवेल?

बंदीमुळे माल नष्ट करणं थांबेल, पार्सलची उलट फेरी थांबणार नाही. (पिशवीवर हिरवं पान छापल्यानेही नाही.) ती थांबवायची तर कपडा मुळात अंगाला बसायला हवा, आणि इथे गणित फार सुंदर आहे.

अमेरिकी हवाई दलाने १९५० मध्ये हजारो वैमानिकांची मापं घेतली होती. विमानातली बैठक सरासरी माणसासाठी बेतायची तर असा माणूस सापडतो का, हे तिथला संशोधक गिल्बर्ट डॅनियल्सने पाहिलं. ४,०६३ वैमानिक, दहा मापं. प्रत्येक मापाच्या मधल्या ३० टक्क्यांत बसेल तो ‘सरासरी’. दहाही मापांत सरासरी किती? शून्य. त्यांतली उंची, छाती आणि बाही ही तीनच मापं घेतली तरी जेमतेम साडेतीन टक्के.

का, ते पाहू. तीन मापं एकमेकांशी घट्ट बांधलेली असती, तर ३० टक्के लोक सरासरी निघाले असते. अगदी सुटी असती, तर ०.३ × ०.३ × ०.३, म्हणजे २.७ टक्के. प्रत्यक्ष उत्तर सुट्या मापांच्या जवळचं आहे. छाती कळली म्हणून खांदा कळत नाही. शिंपी खांदा, मुंढा, बाही, कंबर, उंची सगळं टिपून घेतो. ‘एम’ हे अक्षर फार तर त्यातलं एक माप सांगतं. त्यातही आपल्याकडचे बरेचसे मापतक्ते परदेशी तक्त्यांत फेरफार करून बनलेले. म्हणूनच ‘निफ्ट’ने (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने) १५ ते ६५ वयाच्या २५,००० भारतीयांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचा ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला.

दुसरी वाट टेपशिवायची आहे. ॲमेझॉनच्या बेंगळुरूतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ती बुटांसाठी मांडली. प्रत्येक बुटाला एक छुपा ‘खरा’ आकडा असतो असं माना, प्रत्येक गिऱ्हाइकालाही एक. (अंकज्योतिषी देतात तो आकडा वेगळा, तो चुकला तर कुणी माल परत घेत नाही.) बूट ठेवून घेतला, तर दोन आकडे जवळपास असणार. ‘लहान होतो’ म्हणून परत आला, तर गिऱ्हाइकाचा आकडा मोठा. अशा असंख्य असमानता (कुठला आकडा मोठा, कुठला लहान याच्या नोंदी) हाती येतात. मग गिऱ्हाइकांचे आकडे स्थिर धरून बुटांचे सरकवायचे, बुटांचे स्थिर धरून गिऱ्हाइकांचे, आणि चूक घटायची थांबेपर्यंत हेच चालू ठेवायचं. कुणाचंही पाऊल न मोजता कळतं की अमुक कंपनीचा आठ नंबर प्रत्यक्षात साडेसातच आहे!

बुटात लांबीचं राज्य असल्याने एका आकड्यावर बरंच भागतं. कुर्त्याला मात्र डॅनियल्सची सगळी मापं आडवी येतात. तिथे प्रत्येक माणसामागे अनेक छुपे आकडे लागतात आणि ते ठरवायला पुरेशी खरेदी हाताशी नसते. त्यात आपल्याकडे एकाच खात्यावरून आजोबांच्या चपलांपासून नातीच्या सँडलपर्यंत सगळं मागवलं जातं. गणिताला हा सगळा एकच माणूस दिसतो, सहा आणि नऊ नंबरची पावलं असलेला. शिवाय ‘लहान झाला’ या कारणाऐवजी घाईत ‘आवडला नाही’वर बोट टेकलं, की ती असमानता गणितात येतच नाही.