खाणपूर्व पुरातत्त्वीय सर्वेक्षण

नियोजित खाणीच्या जागेवर प्राचीन वस्ती, दफने, शैलचित्रे, जुन्या भट्ट्या असे काही अवशेष आहेत का, हे खाणकामापूर्वी शोधून त्यांचे महत्त्व ठरवण्याचे काम. रस्ता किंवा इमारत बांधण्याआधीही अशी पाहणी होते. पण रस्ता थोडा वळवता येतो, खनिजाचा साठा हलवता येत नाही. शिवाय खुल्या खाणीत मूळ जमीनच उरत नसल्याने पाहणीत जे सुटले ते कायमचे गेले.

खाण आणि पुरावशेष एकाच जागी येणे हा पुष्कळदा योगायोग नसतो. जिथे धातू आहे तिथे आधीच्या लोकांनीही खणलेले असते. जुन्या धातुमळीचे (धातू गाळल्यावर उरलेल्या कचऱ्याचे) ढीग पाहून भूवैज्ञानिक साठ्याचा माग काढतात आणि तेच ढीग पुरातत्त्वज्ञांच्या दृष्टीने स्थळ ठरतात. राजस्थानातील जावरच्या जस्त खाणींच्या परिसरात जस्त गाळण्याच्या मातीच्या मुशी ढिगांनी पडल्या आहेत. अफगाणिस्तानात मेस आयनाक येथे तांब्याच्या साठ्यावरच बौद्ध विहार उभे होते. रोमानियातील रोशिया मोंताना या गावी सोन्यासाठी मोठी खुली खाण काढण्याचा प्रस्ताव होता. तिथल्या रोमनकालीन खाणींचे बोगदे २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले.

पाहणीचे क्षेत्र म्हणजे केवळ खाणीचा खड्डा नव्हे. वाहतुकीचे रस्ते, टाकाऊ दगडमातीचे ढिगारे, धातू काढल्यावर उरणाऱ्या गाळाची तळी, कामगारांच्या वसाहती हे सारे त्यात धरावे लागते. सुरुंगाच्या हादऱ्यांनी दूरची गुहाही ढासळू शकते. प्रत्यक्षात नकाशावर खड्डा तेवढा रंगवलेला असतो आणि रस्त्यांची आखणी मागाहून बदलते. गफलत होते ती तिथे.

सुरुवात कागदांपासून होते. नोंदणीकृत स्थळांच्या याद्या, जुने नकाशे, गावांची व टेकड्यांची नावे, हवाई छायाचित्रे तपासली जातात. दाट झाडीखालचे उंचवटे लायडारने, म्हणजे हवेतून लेझर किरण सोडून जमिनीची उंची मोजण्याच्या तंत्राने, दिसतात. मग पायी पाहणी होते. माणसे ओळीने, साधारण १५ ते ३० मीटर अंतर ठेवून चालतात. ओहोळाने कापलेली दरड, उंदरांनी उकरलेली माती, उन्मळलेल्या झाडाच्या मुळांत अडकलेली खापरे यांवर नजर ठेवायची. काही दिसले की झेंडी रोवून जीपीएसवर नोंद करायची. जमीन गवताने किंवा पाचोळ्याने झाकलेली असेल, तर ठरावीक अंतरावर ३०-४० सेंमी रुंदीचे खड्डे घेऊन माती सुमारे ६ मिमी भोकांच्या चाळणीतून चाळतात. या चाळणीतून बारीक मणी आणि माशांची हाडे सहज निसटतात. म्हणून ‘काही आढळले नाही’ एवढे लिहिणे पुरेसे नाही. जमीन किती दिसत होती आणि खड्डे किती खोल गेले, हेही अहवालात हवे. यंत्रांनाही मर्यादा आहेत. चुंबकीय मापकाने भाजलेली माती, चुली, भट्ट्या छान सापडतात, पण लोहखनिजाच्या प्रदेशात खडकच इतका चुंबकीय असतो की बाकीचे संकेत त्यात बुडून जातात.

खोलवरचे अवशेष वरून चालून कळत नाहीत. जर्मनीत शॉनिंगेन येथील लाकडी भाले, जगातील सर्वांत जुन्या शिकारी हत्यारांपैकी, १९९०च्या दशकात लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) चालू खाणीतच मिळाले. खाण सुरू झाल्यावरही देखरेख लागते, ती याचसाठी.

अवशेष सापडले की पर्याय थोडे असतात: ती जागा सोडून देणे, भोवती राखीव पट्टा ठेवणे, नाहीतर उत्खनन करून नोंदी व वस्तू जपणे. शेवटच्या मार्गाला ‘बचाव उत्खनन’ म्हणतात. त्यात वाचतात त्या नोंदी आणि वस्तू, जागा नव्हे. ऑस्ट्रेलियात पिलबारा प्रदेशातील जुकान घळीत नेमके हेच घडले. रिओ टिंटो कंपनीला २०१३ मध्ये तिथे खाणकामाची परवानगी मिळाली. २०१४च्या उत्खननात सुमारे ४६,००० वर्षांपूर्वीपासूनच्या मानवी वावराचा पुरावा आणि माणसांच्या केसांचा सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा वेणीदार पट्टा मिळाला. केसांतील डीएनएचे नाते तिथल्या आजच्या आदिवासींशी जुळले. तरीही परवानगीचा फेरविचार झाला नाही. मे २०२० मध्ये सुरुंग लावून ते शैलाश्रय (खडकातल्या निवाऱ्याच्या गुहा) उडवले गेले. पुढे कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पद सोडावे लागले. सर्वेक्षण आणि उत्खनन दोन्ही झाले, पण निष्कर्ष येण्याआधीच निर्णय होऊन बसला होता.

कायद्यांचे स्वरूप देशोदेशी वेगळे आहे. अमेरिकेत ऐतिहासिक वारसा जतनाच्या १९६६च्या कायद्याचे १०६ वे कलम केंद्रीय परवानगी वा निधी लागणाऱ्या प्रकल्पांना लागू होते; प्रकल्पाचा वारशावर काय परिणाम होईल, हे आधी पाहावे लागते. युरोपात पुरातत्त्वीय वारशाच्या रक्षणासाठीच्या १९९२च्या व्हॅलेटा करारानुसार मोठ्या प्रकल्पांतील पुरातत्त्वीय कामाचा खर्च प्रकल्पातूनच भागवणे अपेक्षित आहे. भारतात १९९२च्या अधिसूचनेने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत खाणकाम व बांधकाम यांना मनाई केली आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित ठरवले. यात आधीच घोषित झालेली स्मारके तेवढी येतात. अजून सापडलेलेच नाही, त्याला हे कवच नाही. सर्वेक्षकाला पैसे खाण कंपनी देते, ही अडचण बहुतेक देशांत आहे. अहवाल स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासून घेणे आणि तो मूळ रहिवाशांपुढे ठेवणे हे त्यावरचे नेहमीचे उपाय. पवित्र मानलेल्या झऱ्यावर किंवा डोंगरावर खापरही सापडत नाही, त्यामुळे अशा जागा रहिवाशांकडूनच कळतात.