जखमी वन्यप्राण्यांतील प्रतिजैविकरोधी जंतुसंसर्ग

जखमेत वाढणारे जीवाणू नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले की त्या संसर्गाला प्रतिजैविकरोधी म्हणतात. माणसांत किंवा गोठ्यातल्या जनावरांत त्याचे मूळ औषधांच्या वापरात सापडते. पण जन्मात एकही गोळी न घेतलेल्या घारीच्या अंगावर असे जीवाणू येतात कुठून?

बहुतेक वेळा आपल्याकडूनच. सांडपाणी, कचऱ्याचे डेपो, कत्तलखान्यातले टाकाऊ मांस, उघड्यावर फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या या वाटांनी ते पोचतात. औषधाला निकामी करणारी जनुके पुष्कळदा प्लाझ्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतात आणि एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडेही जातात. कार्बापेनेम ही राखीव औषधे मोडणारे एनडीएम-१ हे विकर २००८ साली, दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णात प्रथम आढळले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्याचे जनुक दिल्लीच्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्यात आणि नळाच्या पाण्यातही मिळाले. पुढे जर्मनीत एका घारीतल्या साल्मोनेला या जीवाणूत ते सापडले. प्रजाती आपल्या गावावर घिरट्या घालते तीच. त्या घारीने ते कुठून उचलले हा प्रश्न वेगळा.

सगळाच दोष मात्र माणसाच्या माथी मारता येत नाही. हेजहॉग हा युरोपातला छोटा काटेरी प्राणी (साळिंदराशी त्याचे नाते नाही). डेन्मार्क व स्वीडनमधल्या हेजहॉगांपैकी ६० टक्क्यांपर्यंत प्राण्यांवर मेथिसिलिन या पेनिसिलिनच्या कुळातल्या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस हा जीवाणू आढळतो. त्यांच्या कातडीवरची एक बुरशी पेनिसिलिनसारखे द्रव्य तयार करते. तिच्या शेजारात टिकण्यासाठी या जीवाणूने रोध कमावला. २०२२ सालच्या संशोधनानुसार हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच घडले असावे. मेथिसिलिन वापरात आले १९५९ साली!

खरी कसोटी उपचारात लागते. संक्रांतीच्या सुमारास नायलॉन मांजात अडकलेली घार काही वेळा दिवसदिवस झाडाला लटकून राहते. खाली उतरवेपर्यंत पंखाची पडदी फाटून हाड उघडे पडलेले आणि जखमेत जंतू शिरलेले असतात. फासात पाय सापडलेल्या बिबट्याची गतही निराळी नसते. जखमेतला नमुना प्रयोगशाळेत वाढवून कोणते औषध चालेल हे कळायला दोन-तीन दिवस जातात, आणि तोवर अंदाजानेच औषध सुरू करावे लागते. जंतू औषधाला दाद देतो की नाही हे ठरवणारे अहवालातले निकषही मुख्यतः माणसे, कुत्री आणि गुरे यांच्यासाठी ठरवलेले. घारीला ते लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणे.

त्यात रानटी जनावराला रोज तीनदा धरून औषध पाजता येत नाही. पकडण्याच्या धसक्याने स्नायू झिजून प्राणी दगावूही शकतो. म्हणून एकदा टोचून बरेच दिवस टिकणाऱ्या इंजेक्शनचा मोह होतो. कुत्र्यात सुमारे १४ दिवस काम करणारे सेफोव्हेसिन कोंबडीच्या अंगातून मात्र काही तासांतच निघून जाते, तेव्हा पक्ष्यांत त्याच्यावर विसंबणे धोक्याचे. मात्रा अपुरी पडली की नेमके चिवट जंतूच शिल्लक राहतात. म्हणून जाणकार पशुवैद्य आधी जखम भरपूर धुतात, मेलेले मांस काढून टाकतात, सिल्व्हर सल्फाडायझिनसारखे मलम लावतात. हाडात सळई बसवायची असेल तर दहादा विचार करतात, कारण धातूवर जीवाणूंचा चिकट थर बसला की औषध आत पोचत नाही.

जखम भरली तरी आतड्यातले रोधक जीवाणू काही काळ राहू शकतात. त्यामुळे वन्यप्राणी उपचार केंद्रात अशा प्राण्याचा पिंजरा, भांडी आणि हाताळणाऱ्यांचे हातमोजे वेगळे ठेवावे लागतात.