सुरक्षित जोडणीतील दोषशोधन

सुरक्षित जोडणीतील दोषशोधन : वापरकर्त्याच्या यंत्रावरील ब्राउझर, ॲप किंवा अन्य सॉफ्टवेअर आणि दूरचा सर्व्हर यांच्यातील टीएलएस (ट्रान्सपोर्ट लेयर सिक्युरिटी, म्हणजे माहिती कूटबद्ध करून पाठवण्याची पद्धत) जोडणी का जुळत नाही किंवा मध्येच का तुटते, याचा क्रमाने शोध घेण्याची पद्धत. बँकेचे व्यवहार, जीएसटी विवरणपत्रे, डिजिटल सातबारा, ई-मेल हे सारे या जोडणीवर चालते. मराठवाड्यातील सेवा केंद्रांवर, विशेषतः पीक विमा किंवा प्रवेश अर्जांच्या शेवटच्या दिवसांत, अशा प्रत्येक अडचणीला सरसकट ‘सर्व्हर डाउन आहे’ असे म्हटले जाते. सर्व्हरवर ताण येतो हे खरेच. पण दोष पुष्कळदा समोरच्या संगणकातच असतो आणि तो तिथेच दुरुस्त होण्याजोगा असतो.

उगम : टीएलएसचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल एकमत नाही. नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये जाहीर केलेली एसएसएल (टीएलएसची पूर्वज पद्धत) २.० ही आवृत्ती सामान्यतः आरंभबिंदू मानली जाते, १.० ही आवृत्ती कंपनीबाहेर आलीच नाही. ताहेर एल्गमाल यांना ‘एसएसएलचे जनक’ म्हणण्याचा प्रघात आहे, मात्र २.० च्या मसुद्यावर किप हिकमन यांचे नाव आढळते. दुसरे मत असे की, अमेरिकेतील टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेत सायमन लॅम यांच्या गटाने १९९३ च्या सुमारास ‘सिक्युअर नेटवर्क प्रोग्रॅमिंग’ नावाचा सुरक्षित सॉकेटांचा थर तयार केला होता, आणि मूळ कल्पना तीच. या कामाला २००४ चा एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला आहे. कल्पनेचे अग्रत्व लॅम गटाकडे जाते, असे मानण्यास हरकत नाही. आजच्या टीएलएसची बांधणी मात्र फ्रायर, कार्लटन व कोचर यांच्या एसएसएल ३.० (१९९६) वरून आलेली आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याचा पुरावा खुद्द पाकिटांत (जोडणीवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांत) सापडतो : टीएलएस १.० (१९९९) आपला आवृत्ती क्रमांक ३.१ असा लिहिते आणि १.२ (२००८) ही ३.३ असा. टीएलएस १.३ (ऑगस्ट २०१८) सुद्धा पहिल्या संदेशात ३.३ च लिहिते आणि खरी आवृत्ती वेगळ्या पुरवणीत सांगते, कारण वाटेतली कित्येक जुनी उपकरणे अनोळखी क्रमांक दिसताच जोडणी तोडत असत. वायरशार्क या सॉफ्टवेअरमध्ये पाकिटे पाहणाऱ्याने हे ध्यानात न घेतल्यास अद्ययावत सर्व्हर जुना ठरवला जातो.

क्रम : जोडणी चार टप्प्यांनी होते : नावावरून आयपी पत्ता मिळणे, त्या पत्त्यावरील पोर्ट, म्हणजे त्या सेवेचे क्रमांकित दार, उघडणे (वेबसाठी ४४३), टीएलएसचा हँडशेक (दोन्ही बाजूंनी ओळख पटवून किल्ल्या ठरवण्याची सुरुवातीची देवाणघेवाण) आणि त्यानंतर मूळ काम. पत्ता मिळतो की नाही हे एनएसलुकअप या आज्ञेने कळते. पोर्टवर तत्काळ नकार आला तर त्यावर सेवा चालू नाही किंवा फायरवॉल (वाहतूक गाळणारी यंत्रणा) नाकारते आहे. नुसतेच ताटकळत राहिले तर पाकीट वाटेत गडप होते आहे. हँडशेक तपासण्यासाठी ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधील ‘एस-क्लायंट’ ही आज्ञा वापरतात. ती चालवताना सर्व्हरनेम पर्यायात संकेतस्थळाचे नाव स्पष्ट द्यावे. एकाच पत्त्यावर अनेक संकेतस्थळे असली की नाव न दिल्यास भलतेच प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) हाती पडू शकते आणि शोध चुकीच्या दिशेला जातो. त्याआधी एक सोपी चाचणी करावी : तोच संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावून पाहावा. तिथे चालले तर दोष ब्रॉडबँडच्या वाटेत, तिथेही तीच चूक आली तर बहुधा यंत्रात किंवा सर्व्हरवर.

घड्याळ : प्रत्येक प्रमाणपत्राला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा असतात आणि त्यांची तुलना यंत्राच्या स्वतःच्या घड्याळाशी होते. मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल उतरला की वीज पूर्ण तुटताच तारीख कारखान्यातील मूळ दिवसावर, बहुतेक वेळा काही वर्षे मागे, जाते. प्लग चालू असेपर्यंत संगणक बंद असला तरी घड्याळाला स्टँडबाय वीज मिळते, त्यामुळे उतरलेला सेल कळून येत नाही. भारनियमन असलेल्या गावांत आणि रात्री बोर्डाचे बटण बंद करण्याची सवय असलेल्या केंद्रांत हा दोष लवकर उघडा पडतो. लक्षण ठरलेले : सकाळी एकही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही आणि क्रोम घड्याळ मागे असल्याचे सांगतो. ‘इंटरनेट वेळ’ चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नये. स्वतंत्र विंडोज संगणकावर फरक १५ तासांहून (५४,००० सेकंद) जास्त असला तर वेळसेवा मूळ मांडणीत तो आपणहून दुरुस्त करत नाही. आधी तारीख, वर्ष आणि भारतीय वेळपट्टा हाताने लावावा, मग ‘सिंक’ करावे, आणि त्याच दिवशी सेल बदलावा. वेळेसाठी एनआयसीचे (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे) ‘समय’ सर्व्हर किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा सर्व्हर घ्यावा. त्यासाठी बाहेर जाणारे यूडीपी १२३ हे वेळ मागवण्याचे पोर्ट खुले असावे लागते.

विश्वासाची साखळी : सर्व्हरचे प्रमाणपत्र, ते देणारे मध्यस्थ प्रमाणपत्र आणि यंत्रात आधीच साठवलेले मूळ प्रमाणपत्र अशी ही साखळी असते. ‘ब्राउझरमध्ये उघडते, पण सॉफ्टवेअरमध्ये चालत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथे असते. पुष्कळ सर्व्हर-चालक मध्यस्थ प्रमाणपत्र बसवायला विसरतात. ब्राउझर ते साठ्यातून किंवा प्रमाणपत्रातच दिलेल्या पत्त्यावरून मिळवतो. जावा व पायथनमध्ये लिहिलेली सॉफ्टवेअरे आणि कर्ल हे साधन मूळ मांडणीत बहुधा तसे करत नाहीत. एस-क्लायंटच्या शेवटी २१ हा निकाल-क्रमांक आणि साखळीत एकच प्रमाणपत्र दिसले तर दोष सर्व्हरचा आहे. तेथील चालकाला तसे कळवावे; आपल्या यंत्रात खटपट करून तो टिकाऊपणे सुटत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, विश्वासाचा साठा सगळ्यांचा एक नसतो. विंडोजचा वेगळा, फायरफॉक्सचा वेगळा, जावाचा ‘कॅसर्ट्‌स’ नावाच्या फाइलीत वेगळा, पायथनचा बहुधा ‘सर्टिफाय’ पॅकेजमध्ये. अँटिव्हायरस सुरक्षित वाहतूक तपासण्यासाठी स्वतःचे मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या साठ्यात घालतो. जावाला त्याचा पत्ता नसतो आणि तो ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’, म्हणजे विश्वासाची साखळी जुळली नाही, असे म्हणतो. अशा वेळी प्रमाणपत्र कोणी दिले ते पाहावे. तिथे अँटिव्हायरसचे नाव दिसले तर त्या सॉफ्टवेअरपुरती तपासणी वगळावी. या वेगळेपणाचे भारतीय उदाहरण जुलै २०१४ चे : एनआयसीच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. भारताच्या सीसीएचे (प्रमाणन संस्थांच्या नियंत्रकाचे) मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या साठ्यात होते, म्हणून विंडोजवरील बहुतेक सॉफ्टवेअरला धोका होता. स्वतःचा साठा असलेल्या फायरफॉक्सला तो नव्हता. प्रमाणपत्राची पडताळणीच बंद करणारा पर्याय पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये असतो. तो वापरून काम उरकले तर वाटेतला कोणीही पासवर्ड वाचू शकतो; शेतकऱ्याचे आधार आणि बँक तपशील जिथून जातात तिथे हा पर्याय कधीही वापरू नये.

जुनी यंत्रे : टीएलएस १.० व १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या. विंडोज ७ मध्ये १.२ आहे, पण विनएचटीटीपी हा विंडोजमधील जोडणीचा घटक वापरणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी मूळ मांडणीत बंद. मायक्रोसॉफ्टचे केबी ३१४०२४५ हे अद्यतन आणि रजिस्ट्रीतील (विंडोजच्या मांडणीच्या नोंदींतील) बदल, दोन्ही लागतात. जावा ७ ची मूळ मांडणी तशीच होती. जावा ८ पासून १.२ आपोआप चालू असते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत प्रमाणपत्रे वापरणारी संकेतस्थळे ३० सप्टेंबर २०२१ नंतर कित्येक जुन्या यंत्रांवर एकाएकी बंद पडली, कारण डीएसटी रूट सीए एक्स३ हे जुने मूळ प्रमाणपत्र त्या दिवशी संपले.

वाट : फायबर जोडणी पीपीपीओई (नाव-पासवर्डने लॉगिन होणाऱ्या) पद्धतीची असली तर पाकिटाची कमाल लांबी १,५०० ऐवजी १,४९२ बाइट होते. वाटेतल्या कोणी आयसीएमपी (जाळ्यातील अडचणी कळवणारे) संदेश अडवले असतील तर सर्व्हरला हे कळत नाही. मग पोर्ट उघडते, आपला पहिला छोटा संदेश पोचतो, पण काही हजार बाइटांचे प्रमाणपत्र परत येताना हरवते आणि हँडशेक लटकतो. विंडोजवर पिंग या चाचणीच्या आज्ञेला तुकडे न करण्याचा पर्याय देऊन १,४६४ बाइट पाठवावे (२८ बाइट शीर्षकांचे मिळून १,४९२), नंतर १,४७२. पहिले गेले आणि दुसरे अडले तर निदान झाले : राउटरवर एमएसएस (एका पाकिटातील मूळ माहितीची कमाल लांबी) १,४५२ वर बांधून घ्यावा. ‘राँग व्हर्जन नंबर’ ही चूक मात्र नावाप्रमाणे आवृत्तीची क्वचितच असते. बहुतेकदा समोरून साधा मजकूर आलेला असतो, उदा. ई-मेलसाठी ५८७ पोर्ट निवडून ४६५ ची थेट टीएलएस पद्धत लावल्यास.

डिजिटल स्वाक्षरी : ग्रामपंचायतीच्या देयकांसाठी सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांची डीएससी (डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र) यूएसबी टोकनमध्ये असते. पोर्टलचे पान ती वापरण्यासाठी पुष्कळदा त्याच संगणकावर चालणाऱ्या मदतनीस सॉफ्टवेअरशी, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्याशी, बोलते. इंटरनेट ठणठणीत असूनही स्वाक्षरीवर काम अडले तर आधी हे सॉफ्टवेअर चालू आहे का, त्याचे स्थानिक प्रमाणपत्र त्याच ब्राउझरने स्वीकारले आहे का आणि टोकनचा ड्रायव्हर दिसतो का, हे या क्रमाने पाहावे. डीएससीची मुदत संपलेली असल्यास यापैकी कशाचाच उपयोग होत नाही. नूतनीकरण करून घ्यावे लागते.