हलत्या एक्स-रेत दिसणारा श्वास

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत वर्षानुवर्षे वाळूच्या साच्यांजवळ राबलेला फाउंड्री कामगार धाप लागते म्हणून कोल्हापुरात डॉक्टरांकडे जातो, तेव्हा बहुधा आधी छातीचा फोटो काढायला सांगतात. 'मोठा श्वास घ्या, धरून ठेवा' असे तंत्रज्ञ म्हणतो आणि क्षणात फोटो निघतो. वाळूतील सिलिका या खनिजाच्या धुळीमुळे फुफ्फुसात झालेल्या गाठी त्यात दिसू शकतात. परंतु फुफ्फुसाचे सारे काम हालचालीवर चालते आणि नेमकी तीच थांबवून हा फोटो घेतलेला असतो. स्पायरोमेट्रीत फुंकलेली हवा मोजली जाते खरी, पण ते माप दोन्ही फुफ्फुसांचे मिळून असते.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न डायनॅमिक डिजिटल रेडिओग्राफी करते. रुग्ण सांगितल्याप्रमाणे श्वास घेत-सोडत असताना क्ष-किरणांचे अगदी सौम्य झोत सोडून सेकंदाला साधारण १५ चित्रे टिपली जातात. किरणोत्सर्गाची एकूण मात्रा एका साध्या फोटोपेक्षा अधिक, तरी नेहमीच्या सीटी स्कॅनपेक्षा बरीच कमी असते.

पडद्यावर सर्वप्रथम नजरेत भरते ते श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा. त्याला चालवणारी नस मानेतून निघून हृदयाच्या कडेने खाली उतरते, त्यामुळे हृदयाच्या शस्त्रक्रियेत तिला इजा होऊ शकते. अशा रुग्णाला नाकाने झटकन हुंगायला सांगितले, की निरोगी बाजूचे पटल खाली जाते आणि लुळे पडलेले उलट वर सरकते. हे जुन्या फ्लुरोस्कोपीतही, म्हणजे क्ष-किरणांनी हलते चित्र दाखवणाऱ्या तपासणीतही, दिसत असे. मला खरे नावीन्य वाटते ते संगणकाने केलेल्या मोजमापात. श्वास आत घेतला की फुफ्फुसात हवा वाढते, अधिक किरण आरपार जातात आणि चित्रातील त्या जागेची छटा बदलते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी रक्त भरल्यानेही छटेत सूक्ष्म फरक पडतो. हे दोन्ही बदल वेगळे काढले, की हवा कुठे पोहोचते आणि रक्त कुठे, याचे दोन नकाशे तयार होतात, तेही शिरेत औषध न टोचता. फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी अडकल्याचा संशय असेल आणि मूत्रपिंडे कमजोर असल्याने सीटीसाठी शिरेत टोचायचे आयोडीनयुक्त औषध देणे जोखमीचे असेल, तेव्हा या माहितीचे मोल मोठे आहे.

मात्र ही अखेर सावलीच असल्याने पुढचे-मागचे भाग एकावर एक येतात, त्यामुळे सीटीची गरज संपत नाही. शिवाय रक्ताचा नकाशा स्पष्ट मिळण्यासाठी काही सेकंद श्वास रोखावा लागतो, आणि ज्यांना धाप लागलेली असते त्यांना तेवढेही जड जाते.