आधी रिफिल ठरवा, मग धातूचं पेन

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत पितळेच्या गजातून पेनाची नळी काढून देणारा टर्नर, म्हणजे लेथवर धातू कापणारा कारागीर, शोधायला फार फिरावं लागत नाही. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल (आत सरकणारे दांडे) जिथे मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजले जातात, तिथे बोटाएवढ्या गजाला भोक पाडून आटे काढणं म्हणजे चहा यायच्या आत उरकणारं काम. अडचण पुढे येते. आत कुठली रिफिल बसणार, हे कुणी विचारलेलंच नसतं.

धातूची नळी वर्षानुवर्षं टिकते. रोज लिहिणाऱ्याची रिफिल काही महिन्यांत संपते. म्हणून पेन किती काळ वापरात राहील हे धातूवर कमी आणि तशीच रिफिल पुढेही मिळत राहील का यावर जास्त ठरतं. हजारो रुपयांचं टायटॅनियमचं पेन घेऊन त्याच्या खास रिफिलसाठी दरवेळी कुरिअरची वाट बघायची, याला मी टिकाऊपणा म्हणणार नाही.

सर्वांत निर्धास्त पर्याय म्हणजे ‘पार्कर पद्धतीची’ रिफिल. आयएसओ 12757 या आंतरराष्ट्रीय मानकात या आकाराला जी-2 म्हणतात: लांबी सुमारे 98 मिलिमीटर, जाडी जवळपास 6. पार्कर, श्मिट, युनि-बॉलची जेटस्ट्रीम अशा अनेकांच्या रिफिली या मापात येतात, त्यामुळे एक कंपनी बंद पडली तरी पेन अडत नाही. इथे एक घोळ मात्र हमखास होतो. पायलट कंपनीच्या जेल पेनाचं नावही जी-2 आहे, आणि त्याची रिफिल साधारण 11 सेंटिमीटर लांब असते. ऑनलाइन मागवताना नाव बघून फसू नका, मिलिमीटर बघा. तसंच डी-1 ही 67 मिलिमीटरची बारीक रिफिल छोट्या आणि तीन-चार रंगी पेनांत असते. तिच्यात शाईच थोडी, त्यामुळे रोजच्या कामाला ती मला पटत नाही.

रिफिलच्या टोकाशी असलेली गोळी बहुधा टंगस्टन कार्बाइडची असते, म्हणजे ज्याच्या इन्सर्टने (कापणाऱ्या तुकड्याने) टर्नर लेथवर पोलाद कापतो तोच पदार्थ. गोळी फिरते आणि शाई कागदावर आणते. बॉलपेनची शाई तेलकट आणि पाण्याच्या हजारो पट घट्ट असते. ती लवकर सुकते, पण जरा दाबून लिहावं लागतं. जेल शाई पडून असताना घट्ट राहते आणि गोळी फिरू लागली की पातळ होते. अशी शाई जपानच्या साकुरा कंपनीने 1984 मध्ये बाजारात आणली. बेळगावजवळच्या पावसाळी खानापूर भागात जून ते सप्टेंबर कागद कोरडा राहील याची खात्री नसते. तिथे अर्जावर सही करायची तर बॉलपेन किंवा पिगमेंटची (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची) जेल शाई बरी. रोलरबॉलची पातळ, पाण्यात विरघळणारी शाई एका थेंबाने पसरते.

आता धातू. एकाच ड्रॉइंगवरून केलेलं अॅल्युमिनियमचं पेन 18 ग्रॅम भरलं, तर टायटॅनियमचं 30 च्या आसपास, स्टेनलेस स्टीलचं 53 आणि पितळेचं 57 च्या जवळ जाईल. हा सगळा घनतेचा खेळ: याच क्रमाने घनसेंटिमीटरला 2.7, 4.4, 8 आणि 8.5 ग्रॅम. दोन सह्या करणाऱ्याला पितळेचं वजन रुबाबदार वाटतं. तासभर वही भरणाऱ्याचं मनगट वेगळं मत देतं.

अॅल्युमिनियम मऊ, म्हणून त्याला अॅनोडायझिंग करतात. आम्लाच्या द्रावणात वीज सोडून पृष्ठभागावर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा काही मायक्रॉनचा थर वाढवला जातो. रासायनिकदृष्ट्या हा थर म्हणजे अॅल्युमिना, जो बेळगावातला हिंडाल्कोचा कारखाना बॉक्साइटपासून काढतो. हा पदार्थ अतिशय कठीण. माणिक आणि नीलम हे त्याचेच स्फटिक. पण थर पातळ आणि खालचा धातू मऊच. पेन फरशीवर पडलं की खळगा पडतो आणि कडेला रंग उडतो.

पितळ कापायला सगळ्यात सोपं. लेथच्या पितळात सुमारे 3 टक्के शिसं मिसळलेलं असतं, त्यामुळे कीस लांब न गुंडाळता तुटून पडतो. म्हणूनच पितळी पेन चघळायची सवय असेल तर मोडा, लहान मुलांच्या हाती तर देऊच नका. घाम आणि दमट हवेने पितळेवर ऑक्साइडचा थर येऊन ते काळवंडतं. चिंचेतलं आम्ल तो ऑक्साइड विरघळवतं आणि पितळ पुन्हा उजळतं. मला तो काळवंडलेला रंगच आवडतो, पण बोटांना वास येतो हेही खरं.

स्टेनलेस आणि टायटॅनियम गंजत नाहीत, कारण त्यांच्यावर ऑक्साइडची अदृश्य साय असते. मात्र दोन्ही आटे त्याच धातूचे असले तर पिळताना ती साय फाटते, उघडा धातू उघड्या धातूला चिकटतो आणि टोपण जाम होतं. मग पकड लावली की आटे मेलेच. चांगला कारागीर एका बाजूला पितळेची बुश (आतली छोटी नळी) बसवतो; निदान आपण ग्रीसचा ठिपका तरी लावावा. फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात वावरणाऱ्यांनी आटे अधूनमधून ब्रशने झाडावेत. साच्याची वाळू म्हणजे सिलिका, ती पितळ आणि अॅल्युमिनियम दोन्हींना खाते.

विकत घेताना पेन हातात घेऊन कागदावर टोक टेकवा आणि हलवा. टिकटिक ऐकू आली तर पुढचं भोक रिफिलच्या टोकापेक्षा सैल आहे. मग सोबत नेलेली दुसऱ्या कंपनीची जी-2 रिफिल घालून बघा. रिफिलींच्या टोकांत थोडाफार फरक असतोच. एका रिफिलला घट्ट बसणारं भोक दुसरीला अडवतं. खटक्याचं पेन असेल तर स्प्रिंग बाहेर काढून नीट बघून ठेवा, ती हरवली की तशीच मिळवताना नाकी नऊ येतात.